मार्थाबाईंनी धरलेले हात

वाकोल्याच्या आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं, की पहिल्या आठवड्यात त्याला मार्थाबाई साळव्यांबद्दल सांगून ठेवावं लागे. नाही सांगितलं तर माणूस दचकायचा. कारण मार्थाबाई दोन आवाजांत बोलत. एक त्यांचा स्वतःचा, नळावर तापला की मागच्या चाळीत ऐकू जाणारा. दुसरा खालच्या पट्टीतला, सावकाश, 'मी आलो, मी जेवलो' असं पुरुषासारखं बोलणारा. हा दुसरा आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता. शमूभाऊ जन्मापासून बहिरे आणि मुके. ते हातांनी बोलत आणि मार्थाबाई त्यांच्याकडे मान वळवून, आवाज उतरवून, ते आपल्या तोंडानं सांगत.

आम्ही राहायला गेलो तेव्हा आम्हाला सावध करणारं कोणी भेटलं नाही. शेजारधर्म म्हणून मी दोघांना चहाला बोलावलं. शमूभाऊ नुकतेच अंधेरीच्या कारखान्यातून आले होते. तिथं ते पत्रा ठोकायच्या मशीनवर होते, जिथं कान असलेली माणसं टिकत नसत. त्यांनी एक घोट घेतला आणि बोटं हलवली. मार्थाबाईंनी मान वळवली आणि त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "चहा पुचाट आहे. साखर भरपूर, पावडर कुठे दिसत नाही. मी असला चहा पीत नाही."

लगेच मार्थाबाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "मला आवडला हां वैनी. ते मी नाही बोलले, हे बोलले."

"मग सांगायचं कशाला?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"मग काय सांगू? फक्कड झालाय म्हणून? ते बोलले एक आणि मी सांगितलं भलतंच, तर त्यांचं बोलणं राहिलं कुठे? दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं तर पदरचं अक्षर घालायचं नाही वैनी. तिखट नाही, मीठ नाही."

हे त्यांचं ब्रीद होतं आणि त्यापायी त्यांनी चाळीत बरेच शत्रू जोडले होते. शमूभाऊंनी कोणाला 'तू लबाड आहेस' म्हटलं तर मार्थाबाई ते जसंच्या तसं त्याच्या तोंडावर ठेवत आणि मग आपल्या आवाजात त्याची माफी मागत. माणूस चिडायचा तो मात्र बाईंवर. शमूभाऊ भिंतीला टेकून मजा बघत बसायचे.

त्यांच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या. शमूभाऊंना शाळा ठाऊकच नव्हती. नगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याला भूक, तहान, ये, जा एवढंच सांगता येत होतं, असं मार्थाबाई म्हणत. बाकी सगळी भाषा दोघांनी मिळून घरात तयार केली. मूलबाळ झालं नाही. म्हणजे ती भाषा येणारी जगात दोनच माणसं, आणि दोघंही आमच्या शेजारच्या कोपऱ्यातल्या खोलीत. मी खिडकीतून बघून बघून काही खुणा शिकले होते. मुठीनं तळहात ठोकला की कारखाना. नाकाशी चिमूट म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांच्या चमकीवरून. कपाळावर अंगठा दाबला की मी, माझ्या ठसठशीत कुंकवावरून. आणि भिंतीवर सपाट तळहात ठेवला की देव.

ही देवाची खूण मला फार आवडायची. वाकोल्यावरून विमानं इतकी खाली जातात की बोलणं थांबवावं लागतं. शमूभाऊंना आवाज येत नसे, पण भिंतीवर हात ठेवून त्यांना आमच्या आधी विमान कळायचं. देव म्हणजे काय हे त्यांना कसं सांगावं, याचा मार्थाबाईंनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी त्यांचा तळहात भिंतीवर ठेवला. दिसत नाही, पण भिंत हलते. शमूभाऊंना ते ताबडतोब पटलं.

दोघं रविवारी सकाळी जुन्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, उपासनेला जात. गिरण्यांचा संप होऊन गेला, त्यानंतरच्या एका वर्षी त्यांच्या ओळखीत विल्सन ब्रदर आले. ते एका बँकेत कारकून होते, आवाज मऊ, हातात छत्री बारा महिने. त्यांनी रविवारी दुपारी चारला घरगुती प्रार्थना सुरू केली. कोपऱ्यातली म्हणून मार्थाबाईंची खोली ठरली. सतरंजी आमची जायची. सहाला टीव्हीवर सिनेमा लागायचा, त्यामुळे पवित्र आत्म्यानं काय करायचं ते सहाच्या आत करावं, असं आमचे हे म्हणायचे. मी आणि सासूबाई आमच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायचो. दार उघडंच असे, सगळं दिसायचं.

आधी गाणी, टाळ्या. मग एका क्षणी सगळे डोळे मिटून वेगळंच बोलायला लागत. ती मराठी नव्हती, हिंदी नव्हती, कोकणी नव्हती. शब्द होते, सूर होता, प्रश्न विचारल्यासारखा चढउतार होता आणि अर्थाच्या ठिकाणी काहीच नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई मालवणच्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे कोणाच्या अंगात अवसर येता तेव्हा पयलो प्रश्न हो, 'बाबा, तू कोण?' हयसर कोणीच इचारूक नाय."

मी हे मार्थाबाईंना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर विचारतात आजी. मीपण ब्रदरना विचारलं, देवाला मराठी येत नाही का? तर म्हणाले, मराठी आपण डोक्यातून काढतो, ही भाषा डोक्याला वळसा घालून येते. माणूस फक्त तोंड देतो. दान आहे ते. मला नाही मिळालं अजून."

त्या दानाला एक नियम होता. बायबलात प्रेषितानं घालून दिलेला आहे, असं ब्रदर सांगत. कोणी अन्य भाषेत बोललं, तर दुसऱ्यानं त्याचा अर्थ मंडळीला सांगायचा. अर्थ सांगणारं कोणी नसेल, तर बोलणाऱ्यानं मंडळीत गप्प राहायचं आणि आपलं देवाशी काय ते मनात बोलायचं. अर्थ सांगायचं काम कालिन्याच्या सुलोचनाबाई करत. त्यांचा अर्थ नेहमी गोड निघायचा. लेकरांनो, भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे. मार्थाबाई नळावर मला म्हणाल्या, "वैनी, इतकी माणसं, इतके वेगवेगळे सूर, आणि निरोप एकच कसा हो? आमच्या यांचं चहाबद्दलचं बोलणंसुद्धा दोन दिवस सारखं नसतं."

शमूभाऊ या सगळ्यात स्टुलावर बसून असायचे, एक हात भिंतीवर. टाळ्यांनी भिंत थरथरायची, ती त्यांना आवडायची.

एका उन्हाळ्यातल्या रविवारी सगळे असेच बोलत असताना शमूभाऊंनी भिंतीवरचा हात काढला. दोन्ही हात छातीशी आणले आणि ते बोलायला लागले. माझं लक्ष गेलं, कारण त्यातली एकही खूण मला ओळखीची नव्हती. नाक नाही, कपाळ नाही, मूठ नाही. बोटं अशी वळत होती जशी त्यांची कधी वळताना मी पाहिली नव्हती. एकेक करून बाकीचे गप्प झाले. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि आवाज फक्त त्यांच्या शर्टाच्या बाह्या घासल्याचा. ते मधेच थांबत, मान किंचित कलती करत, कोणी उत्तर देत असावं तसं वाट बघत, मग पुन्हा सुरू करत. आणि चेहरा अगदी साधा. बाकीच्यांसारखे डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. बाजारात बटाटे कसे मिळाले हे सांगताना असावा तसा. मला त्या चेहऱ्याचीच जास्त भीती वाटली.

हात थांबले तेव्हा विल्सन ब्रदर हळूच म्हणाले, "मार्थाबाई, अर्थ सांगा. इतकी वर्षं देवानं तुमच्याकडून ही तयारी करून घेतली, ती याचसाठी."

सगळे त्यांच्याकडे वळले. मार्थाबाई उठल्या. नेहमीसारखी मान वळवली, आवाज उतरवला, "मी..." म्हणाल्या आणि थांबल्या. तोंड तसंच उघडं. ज्या बाईला मी कधी शब्दाला अडलेलं पाहिलं नव्हतं, ती भर मंडळीत उभी राहून नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. मग स्वतःच्या आवाजात, अगदी बारीक, म्हणाल्या, "मला कळत नाही."

"मी सांगू का?" सुलोचनाबाई पुढे सरकल्या. "मला वाटतं, प्रभू म्हणतोय, लेकरांनो..."

"तुम्ही खाली बसा," मार्थाबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं बोलणं आहे. त्यात काही घालायचं नाही."

एक शब्द गोड बोलून त्या सुटल्या असत्या. कोणाला कळणार होतं? पण मग त्या पुचाट चहा पुचाटच सांगणाऱ्या बाई राहिल्या नसत्या.

पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. ब्रदर पेचात पडले. ते दुष्ट मुळीच नव्हते, उलट फार सज्जन होते आणि त्यामुळेच नियम मोडवत नव्हता. अर्थ सांगणारं कोणी नाही, म्हणजे बोलणाऱ्यानं गप्प राहायला हवं. पण हातांनी बोलणाऱ्याला गप्प कसं करायचं? शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांचे हात जरा धरून ठेवत जा. प्रार्थनेपुरतेच."

मार्थाबाईंनी ऐकलं. त्यांचाही नियमावर विश्वास होता, आणि शिवाय त्या घाबरल्या होत्या. त्या रविवारपासून शमूभाऊ स्टूल सोडून सतरंजीवर, त्यांच्या शेजारी बसायला लागले. मार्थाबाई त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन, घट्ट धरून बसायच्या. वरच्या मजल्यावरच्या पोरी कठड्यावरून वाकून बघायच्या. "काय लव्हस्टोरी आहे यार यांची," म्हणायच्या. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटे. त्या बाईनं नवऱ्याचं तोंड दाबून धरलं होतं आणि ते तिला पुरतं कळत होतं.

"हातात चालूच असतं त्यांचं," एकदा दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या मला म्हणाल्या. "पाखरू धरल्यासारखं. पण नुसतं फडफडणं नाही हो वैनी. वाक्य संपलं की थांबतं. मग वाट बघतं. मग परत. आता मला पुढचं काय येणार ते आधी कळतं तळहाताला. अर्थ मात्र कळत नाही."

"शमूभाऊंना विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाले, मलाही माहीत नाही, हात आपले जातात. भीती वाटते का म्हटलं, तर हसले." त्या खडे बाजूला काढत राहिल्या. "भीती मला वाटते. यांचं एकूण एक बोलणं माझ्यातून गेलंय. आता असं काही बोलतात जे माझ्यातून जात नाही. मग ते कोणाशी बोलतात? आणि तिकडून कोण थांबायला लावतं त्यांना?"

सासूबाई आत जप करत होत्या. त्या थांबल्याचं मला ऐकू आलं.

पुढे जे झालं ते इतकं हळू झालं की चाळीच्या लक्षात आलं नाही. मार्थाबाईंचा दुसरा आवाज बंद झाला. शमूभाऊंनी इतर दिवशीही हात हलवणं सोडलं. कारखान्यातून यायचे, जेवायचे आणि स्टुलावर बसून दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवायचे. बाईंनी विचारलं तर मानेनं हो किंवा नाही. त्यांना वाटलं असावं, की आपलं बोलणंच वाईट आहे, एरवी हिनं कशाला धरलं असतं. मार्थाबाईंनी हरप्रकारे समजावलं, की नाही, फक्त रविवारी, फक्त चार ते सहा. ते मान डोलवायचे आणि हात तिथंच ठेवायचे.

एक दिवस मला वाटलं, बघू तरी. मी मुद्दाम पाणचट चहा केला आणि नेऊन दिला. शमूभाऊंनी एक हात काढून कप घेतला, सगळा चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि हात परत मांडीखाली घातला. मार्थाबाईंनी पदर तोंडात कोंबला. बाहेर गॅलरीत येऊन त्या ढसाढसा रडल्या. "तो चहा प्याले वैनी, आणि काही बोलले नाहीत. मेलेल्या माणसाबरोबर राहतेय मी." मलाही रडू आलं. मी त्यांना थोपटत राहिले.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. त्या पाठमोऱ्या बसून कणीक मळत होत्या. मळता मळता त्यांचे हात परातीतून वर उठले आणि हवेत वळले. बोटांना कणीक लागलेली, आणि ती बोटं तशीच वळत होती, जशी त्या उन्हाळ्यात शमूभाऊंची वळली होती. मग थांबले. वाट पाहिली. त्यांनी मला पाहिलं आणि हात पुन्हा कणकेत घातले. विरजण न घेताच मी परत आले.

नाताळ जवळ आला होता, त्याआधीच्या एका रविवारची गोष्ट. खोली भरलेली. प्रार्थना सुरू झाली. मार्थाबाईंनी नवऱ्याचे हात मांडीवर घेतलेले होते, ते त्यांनी सोडले. शमूभाऊंनी ते मुकाट्यानं मांड्यांखाली घातले. तेव्हा मार्थाबाई त्यांच्या समोर येऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांनी त्या खुणा करायला सुरुवात केली. इतके रविवार तळहातांत साठलेल्या सगळ्या. पुन्हा एकेक जण गप्प झाला.

"बाई," ब्रदर म्हणाले, "याचा अर्थ?"

"मला माहीत नाही ब्रदर. मी निरोप पोचवतेय नुसता. माझ्याजवळ अडकून राहिलेला. त्यांचा त्यांना."

शमूभाऊ टक लावून बघत होते. मग त्यांनी मांडीखालून एक हात काढला, पुढे केला आणि मार्थाबाईंची करंगळी धरून सरळ केली. लहान मुलाचा चुकलेला उच्चार सुधारावा ना, तशी. करंगळी वाकवायची नव्हती, सरळ हवी होती. म्हणजे त्या खुणांत बरोबर होतं आणि चूक होतं. माझ्या उंबऱ्यात भर दुपारी मला थंडी वाजली.

आणि मग त्यांनी उत्तर दिलं. दोघं बोलत राहिले. कोणालाच काही कळत नव्हतं, बाईंनाही नाही, पण बाई रडत होत्या आणि हसत होत्या. सहा वाजून गेले. खालच्या टीव्हीवर गाणं सुरू झालं, तरी एकही माणूस उठला नाही. विल्सन ब्रदर छत्रीवर हनुवटी टेकून बसले होते. जाताना ते मला म्हणाले, "वहिनी, नियम लोकांना कळावं म्हणून आहे. पण इथं कळणारं कोणीतरी आहे, असं मला सारखं वाटत होतं. फक्त ते आपल्यातलं नाही." त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढच्या रविवारी सतरंजी मागायला कोणी आलं नाही. बैठक कालिन्याला सुलोचनाबाईंकडे हलली होती. पण सोमवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून तो खालचा आवाज आला, "आमटीत मीठ नाही. मी काय आजारी आहे?" मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघून हसलो. इतका आनंद मला स्वतःच्या घरातल्या कुठल्या बोलण्यानं झाला नसेल.

दोनेक वर्षांनी आम्ही मुलुंडला राहायला गेलो. सासूबाई तिथंच वारल्या. जाणं-येणं कमी झालं. शमूभाऊ गेल्याचं मला उशिरा कळलं. थंडीत छाती भरली आणि चार दिवसांत आटोपलं, असं वरच्या मजल्यावरची एक पोर बाजारात भेटली ती म्हणाली. मी पुढच्याच दुपारी वाकोला गाठलं.

गॅलरीत कोणी नव्हतं. मार्थाबाईंचं दार नेहमीसारखं उघडं. त्या सतरंजीवर बसल्या होत्या, समोर ते स्टूल, रिकामं. त्यांचे हात चालले होते. करंगळी सरळ. हात थांबले, मान किंचित कलली, आणि त्या बघत राहिल्या. समोरचा बोलत असला की आपण जितका वेळ बघतो तितकाच वेळ. मग त्यांना हसू आलं. डोक्याला हात लावून त्या हसल्या आणि पुन्हा काहीतरी बोलल्या. मधेच त्यांनी तळहात भिंतीवर सपाट ठेवला. थोड्या वेळानं मला विमान ऐकू आलं.

विमान गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. त्यांनी मान स्टुलाकडे वळवली, जरा थांबल्या, आणि मग त्या खालच्या, सावकाश आवाजात म्हणाल्या, "उन्हात का उभ्या आहात? आत या. मी मघापासून सांगतोय हिला, कपाळावर कुंकू ठसठशीत ती बाई आलीय म्हणून."

मार्थाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "या वैनी. चहा टाकते."

त्या बाईनं नवऱ्याच्या बोलण्यात पदरचं अक्षर कधी घातलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं. म्हणून मी चपला काढल्या आणि आत गेले. स्टूल जवळ होतं, गुडघेही दुखत होते, पण मी खाली सतरंजीवर बसले.